घर आपले, पडलेला माणूस कुणाचा?

मारेडपल्ली, पद्मारावनगर, सीताफळमंडी, चिलकलगुडा या भागांत आपल्या मंडळींची जी जुनी घरे अजून बिल्डरच्या हाती गेलेली नाहीत, त्यांना आता डागडुजीचे दिवस आले आहेत. शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवायच्या, गळक्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे, मागच्या मोरीचे बाथरूम करायचे आणि दिवाळीच्या आत रंग उरकायचा. मुलगा परदेशातून पैसे पाठवतो, त्याला व्हॉट्सॲपवर फोटो जातात, आणि प्रत्यक्ष काम पाहायला घरात असतात सत्तरी ओलांडलेले आई-वडील. मेस्त्री ओळखीचा असतो. दर ठरतो, आगाऊ रक्कम दिली जाते, वाळू-सिमेंट दाराशी येऊन पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार अनोळखी माणसे येऊन बांबूची परांची बांधू लागतात.

या सगळ्या व्यवहारात टाइल्सच्या रंगावर आणि नळाच्या कंपनीवर आठवडाभर खल होतो. या चौघांपैकी एखादा वरून पडला तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. चुकून कुणी विचारलेच तर "ते मेस्त्री बघून घेईल" असे म्हणून विषय संपतो.

आमचे म्हणणे असे की मेस्त्री बघून घेणार नाही. घेण्याची त्याची ऐपत नसते. म्हणून विम्याचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणीही आपल्या घरी परांचीचा पहिला बांबू उभा करू देऊ नये. आणि हा प्रश्न एकेका घराच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. आपल्यासारख्या संघटित समाजाने तो सरकारदरबारी मांडला पाहिजे. राजकारण म्हटले की आपण फक्त तिकीट कुणाला आणि वॉर्ड कुणाचा एवढेच बोलतो. ज्या कायद्यामुळे एखाद्या निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी पणाला लागू शकते, तोही राजकारणाचाच विषय आहे.

आधी कायदा पाहू. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा, इंग्रजी अमदानीतला. कामगार कोणाला म्हणावे याची व्याख्या त्यात होती आणि त्या व्याख्येत एक कंस होता. ज्याचे काम नैमित्तिक आहे आणि ज्याला मालकाने स्वतःच्या धंद्यासाठी कामाला लावलेले नाही, तो कामगार नव्हे, असे त्या कंसात म्हटले होते. म्हणजे जनरल बाजारातल्या व्यापाऱ्याने गोदामात लावलेला हमाल कायद्याच्या आत, पण त्याच व्यापाऱ्याच्या घरी चार दिवस रंग द्यायला आलेला रंगारी कायद्याच्या बाहेर. सत्त्याहत्तर वर्षे तो कंस घरमालकांच्या डोक्यावर छत्रीसारखा होता. डिसेंबर २००० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो काढून टाकला. या गोष्टीला पाव शतक उलटले, तरी आपल्यातले कितीतरी सुशिक्षित लोक अजून त्या छत्रीखालीच उभे आहेत असे समजून चालतात.

या कायद्याच्या परिशिष्टात बांधकामाचाही उल्लेख होता. एक मजल्याहून उंच, किंवा जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत १२ फूट वा त्याहून जास्त उंची असलेल्या इमारतीचे बांधकाम, देखभाल, दुरुस्ती किंवा पाडकाम करणारा माणूस त्यात येत होता. आपल्या जुन्या घरांची छते किती उंच आहेत हे वेगळे सांगायला नको. १२ फुटांच्या आत बसणारे घर आपल्यात विरळाच.

आता गुत्ते आणि रोजंदारी यांतला फरक, कारण सगळे पाणी इथेच मुरते. तुम्ही अख्खे काम गुत्त्याने दिले, गुत्तेदाराने आपली माणसे आणली, त्यांची मजुरी त्यानेच दिली, तर कायद्याच्या दृष्टीने त्या माणसांचा मालक गुत्तेदार. मूळ काम देणाऱ्यावरही जबाबदारी टाकणारे कलम जुन्या कायद्यात होते, पण ते त्याच्या धंद्याचा भाग असलेल्या कामापुरते. निवृत्त शिक्षकाचा टाइल्स बसवण्याचा धंदा नसतो, तेव्हा त्याला तिथे आधार आहे. पण अड्ड्यावर जाऊन तुम्ही स्वतः दोन माणसे आणलीत, काय करायचे ते तुम्ही सांगितलेत, संध्याकाळी मजुरी तुमच्या हाताने दिलीत, तर मालक तुम्हीच. प्रत्यक्षात आपल्याकडे या दोन्हींची खिचडी असते. मेस्त्री म्हणायला गुत्तेदार. पण सामान आपण आणतो, मजुरांचा रोज आपण देतो, "आज आधी स्वयंपाकघर उरका" असे आपणच सांगतो, आणि मेस्त्री आपला दिवसाचा रोज आणि वर थोडे कमिशन घेतो. उद्या अपघात झाला तर अशा मेस्त्रीला गुत्तेदार म्हणायचे की तुमचा मुकादम, हे चौकशी करणारा अधिकारी ठरवेल, आणि ठरवताना पैसे कुणी दिले आणि हुकूम कुणाचा चालत होता हे पाहील.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९२३ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. भरपाईचे सूत्र तिथे तेच राहिले आहे. कामावर येता-जाता झालेला अपघात आता संहितेतच स्पष्टपणे घेतला आहे, मात्र त्या अपघाताचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. नव्या संहितेत 'मालक' या शब्दाची व्याख्या 'आस्थापना' या शब्दाला जोडली आहे. त्यामुळे राहते घर ही आस्थापना आहे काय, यावर वकील मंडळी पुढची काही वर्षे वाद घालतील. हा वाद आपल्या खटल्याने आणि आपल्या खर्चाने निकाली निघावा अशी हौस कुणाला असेल असे वाटत नाही. आणि संहितेचे काही होवो, निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दाव्याची वाट मजुराच्या कुटुंबाला मोकळी असतेच.

एक गैरसमज बांधकामाच्या उपकराचा आहे. १९९६ च्या कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम उपकरातून वगळले होते. नव्या संहितेने ती मर्यादा ५० लाख केली. एवढ्यावरून "घराच्या कामाला लेबर कायदा लागत नाही" असे सांगणारे महाभाग भेटतात. सूट मिळाली ती उपकरातून आणि बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी असलेल्या तरतुदींतून. पडलेल्या माणसाची जबाबदारी हा वेगळा मामला आहे.

आता रकमेचा हिशेब. मृत्यू आल्यास भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा दरमहा ८,००० वरून १५,००० रुपये केली. आपल्या शहरात बऱ्यापैकी गवंड्याचे महिन्याचे १५,००० सहज भरतात. तो ३० वर्षांचा असेल तर वयाचा आकडा २०७.९८. साडेसात हजाराला त्याने गुणले की होतात १५,५९,८५० रुपये. वय ४० असेल तर आकडा १८४.१७, आणि रक्कम १३,८१,२७५. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे तिशीतल्या माणसाचे १८,७१,८२० रुपये. शिवाय २००९ च्या दुरुस्तीने दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्चही मालकाच्या माथी आला. जुन्या कायद्यानुसार रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. पेन्शनीतल्या माणसाच्या मुदत ठेवीच्या पावत्या डोळ्यांपुढे आणा आणि हे आकडे त्यांच्या शेजारी मांडून पाहा.

यात चूक कुणाची हे पाहत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांच्या पचनी पडत नाही. "तोच नीट चढला नाही", "चपला घालून चढला", "प्यायला होता". दारू, मुद्दाम नियमभंग, सुरक्षेची साधने काढून टाकणे ही कारणे किरकोळ दुखापतीत मालकाला सोडवू शकतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर १९९५ च्या दुरुस्तीपासून तीही चालत नाहीत.

पूर्ण अपंगत्व म्हणजे माणूस अंथरुणाला खिळलाच पाहिजे असेही नाही. ओरिसातल्या जयपूर गावी ६ जुलै १९६९ रोजी एका सिनेमागृहात सजावटीचे काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. त्याचा महिन्याचा पगार १२० रुपये. मालकाचे म्हणणे, एक हात गेला, हे अंशतः अपंगत्व झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७५ च्या डिसेंबरात न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच; आणि भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. पन्नास वर्षे झाली तरी हा निकाल आजही पुढे केला जातो. ते सिनेमागृह धंद्याचे होते आणि आपले घर धंद्याचे नाही, हा फरक खरा. पण सुताराला लागणारे हात दोन्हीकडे दोनच.

आपल्याकडे अशा वेळी काय होते हे आपण सगळे जाणतो. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसतात. वीस-पंचवीस हजार रुपये ठरतात. स्टँप पेपरवर "माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही" असे लिहून अंगठा घेतला जातो, आणि घरमालक सुटकेचा नि:श्वास टाकतो. हा कागद कवडीमोलाचा आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार जुन्या कायद्याने सरळ रद्दबातल ठरवला होता आणि नव्या संहितेनेही तो मार्ग बंदच ठेवला आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत. म्हणजे देणाऱ्याचे पैसेही जातात आणि जबाबदारीही उरते. आणि ज्या बाईचा अंगठा आपण घेतला तिला पुढची तीस वर्षे काढायची असतात, हा हिशेब तर त्या बैठकीत कुणी मांडतच नाही.

कोण असतात ही माणसे? पालमूरकडून पिढ्यान् पिढ्या बाहेर पडणारे बांधकाम मजूर असतात, उत्तरेकडून आलेले सुतार असतात, आणि अनेकदा देगलूर-उदगीरकडचा, आपलीच भाषा बोलणारा बेलदार असतो. त्याला आपण चहा देतो, गावची पिकेपाणी विचारतो. आपली आजी तर त्याला दुपारी जेवायलाही घालायची. ही माणुसकी आपल्या समाजात आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. फक्त ती माणुसकी कागदावर उतरत नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

विम्याबद्दल आता जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच आहे. "आमच्या घराचा विमा आहे" असे पुष्कळ जण छाती पुढे काढून सांगतात. बहुधा तो गृहकर्ज घेताना बँकेने उतरवायला लावलेला असतो. एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी विकावी लागते. आग, भूकंप, पूर, वादळ यांनी घराचे आणि घरातल्या वस्तूंचे नुकसान झाले तर तिचा उपयोग. घरी कामाला आलेल्या माणसाच्या जिवाशी तिचा संबंध नाही. शेजाऱ्याच्या नुकसानीशीही नाही. बँकेच्या खिडकीआड बसून आम्हाला ही विसंगती रोज दिसते. घरदुरुस्तीचे कर्ज देताना बँक एस्टिमेट मागते, भिंतीचा विमा मागते. भिंतीवर चढणाऱ्याचा विमा मागण्याची पद्धत नाही. बँकेचे तारण भिंत आहे, माणूस नाही, हे बँकेच्या जागी ठीकच. घरमालकाने तरी तो हिशेब का करावा?

हवी ती पॉलिसी वेगळी आहे. तिला पूर्वी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणत, २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन म्हणतात. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्या ती देतात, खासगी कंपन्याही देतात. तिचा हप्ता घराच्या किमतीवर ठरत नाही. कामगारांची एकूण मजुरी आणि कामातला धोका यांवर ठरतो. गुत्तेदाराकडे ती आहे का हे विचारावे आणि नुसते "आहे" यावर समाधान मानू नये. पॉलिसीवरची मुदत आपले काम संपेपर्यंत पुरते का, माणसे किती लिहिली आहेत, कामाचा प्रकार काय लिहिला आहे हे वाचावे. "रंगकाम" लिहिलेली पॉलिसी आणि तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर झोपाळ्यावर बसलेला माणूस यांची गाठ पडली की कंपनी हात वर करते. चार माणसे लिहून दहा आणली, किंवा पगार कमी दाखवून हप्ता वाचवला, तरी तेच. मेस्त्रीने आपले काम पुढे प्लंबरला किंवा इलेक्ट्रिशियनला दिले असेल, तर पोटगुत्तेदाराची माणसे पॉलिसीत आहेत का हे खास विचारावे. दवाखान्याचा खर्च बहुधा जास्तीचा हप्ता भरून घालून घ्यावा लागतो. आणि उशिराबद्दल होणारा दंड विमा कंपनी भरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली तो मालकाच्या माथ्यावर टाकला आहे.

मेस्त्री लहान असला आणि त्याच्याकडे पॉलिसी नसली, तर ती घेण्यासाठीची रक्कम आपण त्याच्या दरात वाढवून द्यावी, नाहीतर आपणच आपल्या नावाने, कामाच्या मुदतीपुरती घ्यावी. सोबत एक पानी करार करावा. मजुरांना मजुरी गुत्तेदार देईल, पॉलिसी क्रमांक अमुक, आणि भरपाईचा बोजा आपल्यावर आला तर तो गुत्तेदार भरून देईल, एवढे तीन मुद्दे पुरतात. असा करार मजुराचा हक्क मारत नाही, पण गुत्तेदाराला बांधतो. आणि पैसे चेकने किंवा यूपीआयने गुत्तेदाराच्याच खात्यात द्यावेत. वाड्यातल्या ओट्यावर बसून एकेका मजुराच्या हातावर नोटा मोजण्याची जुनी पद्धत दिसायला भारदस्त असली तरी ती आपल्याविरुद्धचा पुरावा तयार करते.

आणखी एक स्वस्त गोष्ट. मे २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या कोणत्याही खातेदाराला घेता येते. वर्षाला हप्ता पूर्वी १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून २० रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, अंशतः अपंगत्वाला एक लाख. मजुरांची खाती आहेत, बहुतेकांनी कधीतरी फॉर्मही भरलेला असतो. पण हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप वळता होतो, आणि नेमके तेव्हा खात्यात २० रुपये नसतात. सगळे पैसे गावी गेलेले असतात. संरक्षण गेले हे त्या माणसाला कळतही नाही. नवरा गेल्यानंतर पासबुक घेऊन आलेल्या बाईला "हप्ता कटला नव्हता" हे सांगण्याची पाळी आमच्यासारख्यांवर येते, आणि काउंटरवरचे त्याहून वाईट काम आम्हाला ठाऊक नाही. काम सुरू होण्याच्या दिवशी पासबुकातली जूनच्या सुमाराची ती एक नोंद पाहून घ्यायला पाच मिनिटे लागतात. ही रक्कम मिळाल्याने मालकाची कायदेशीर जबाबदारी कमी होत नाही हे खरे, पण घर बसलेल्या कुटुंबाला दोन लाख म्हणजे दोन लाख असतात.

मजुराखेरीज शेजारी आणि रस्त्यावरचे लोकही आहेत. ८ जुलै २०१३ च्या सकाळी आपल्या सिकंदराबादेत राष्ट्रपती रोडवरचे सिटी लाइट हॉटेल कोसळले आणि डझनाहून अधिक माणसे गेली. जुन्या इमारतीचे वजन कशावर तोललेले असते हे वरून दिसत नाही, ही गोष्ट त्या दिवशी साऱ्या शहराने पाहिली. आपल्या गल्ल्यांतल्या कितीतरी घरांची एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे. हॉल मोठा करायचा म्हणून मधली भिंत काढताना स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारण्याची फी आपल्याला जड वाटते. इमारत पाडताना, दुरुस्त करताना वा बांधताना निष्काळजीपणा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे, आणि त्यात कुणी दगावले तर कलम १०६ आहे, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फौजदारी शिक्षेचा विमा कुठलीही कंपनी उतरवत नाही.

सेप्टिक टँकचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण जुन्या घरांत त्या अजून आहेत. त्यात माणूस उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून अशी धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी आहे, ती नगरपालिकेला जशी तशी तुम्हा-आम्हालाही आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. यंत्राची गाडी मागवावी. यावर आणखी चर्चा नको.

आता आक्षेप. "एवढे सगळे विचारत बसलो तर कुणी मेस्त्री कामाला येणार नाही" असे लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. एकट्याने विचारले तर मेस्त्री शेजारच्या घरी जाईल, हे आम्हालाही दिसते. म्हणूनच हा विषय मंडळाच्या पत्रकात मांडतो आहोत. अपार्टमेंटच्या सोसायट्यांनी लिफ्टमधून टाइल्स नेण्याची वेळ ठरवून दिली, ती आज सगळे पाळतात. तसा विम्याचा कागद मेंटेनन्स कमिटीने मागायला सुरुवात केली की तोही येऊ लागेल. अमेरिकेत मुलाकडे राहून आलेल्यांनी पाहिले असेल, छप्पर दुरुस्त करायला येणारा माणूस विम्याचा दाखला स्वतःहून पुढे करतो. तो जन्मतःच शहाणा असतो म्हणून नव्हे, तिथल्या कायद्याने आणि गिऱ्हाइकांनी त्याला ती सवय लावली म्हणून. इंग्लंडात १९०६ च्या कायद्याने घरच्या नोकरांनाही भरपाईच्या कक्षेत आणले आणि साध्यासुध्या घरधन्यांनी विमा उतरवायला सुरुवात केली. शंभराहून अधिक वर्षे झाली त्याला.

मग मागायचे काय आणि कुणाकडे? पहिली मागणी महानगरपालिकेकडे. तेलंगणाने २०२० च्या कायद्याने घरबांधणीची परवानगी स्वयंघोषणेवर द्यायला सुरुवात केली. ७५ चौरस यार्डांपर्यंतच्या प्लॉटला तर एक रुपयात नोंदणी. सरकार आपल्या शब्दावर विश्वास ठेवते ही चांगली गोष्ट आहे. त्याच घोषणेत कामगारांच्या विम्याचा पॉलिसी क्रमांक लिहायचा एक रकाना वाढवायला कितीसा खर्च येईल? छावणीच्या हद्दीत राहणाऱ्या आपल्या लोकांना परवानगी छावणी मंडळाकडून घ्यावी लागते. तिथेही हाच रकाना मागावा. आतल्या किरकोळ दुरुस्तीला परवानगीच लागत नाही, तेव्हा हा उपाय सगळ्यांना पुरणार नाही हे कबूल.

म्हणून दुसरी मागणी विमा नियामकाकडे, आणि तिला आम्ही जास्त महत्त्व देतो. हे कार्यालय २००१ पासून आपल्याच शहरात आहे, सध्या नानकरामगुड्याला. आरोग्य संजीवनी, सरल जीवन विमा, भारत गृह रक्षा असे एका नमुन्याचे, साध्या भाषेचे विमे सर्व कंपन्यांना विकायला लावण्याचे काम याच संस्थेने २०२० आणि २०२१ मध्ये केले. त्याच धर्तीवर घरदुरुस्तीच्या कामगारांसाठी पंधरा दिवसांची, महिन्याची, तीन महिन्यांची एक पॉलिसी हवी. घरमालकाने मोबाईलवर घ्यावी, माणसांची नावे कामाप्रमाणे बदलता यावीत, दवाखान्याचा खर्च आत असावा. आज एखादा घरमालक स्वतःहून चार माणसांची महिन्याभराची पॉलिसी घ्यायला कंपनीच्या कचेरीत गेला, तर एवढ्याशा धंद्यासाठी कुणाला वेळ नसतो. गिऱ्हाईक तयार आहे, माल नाही, अशी ही अवस्था.

तिसरी मागणी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाची. उपकराचे पैसे देशभर मंडळांकडे पडून राहतात, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कडक ताशेरे ओढले आहेत. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला नोंदणीचा हक्क आहे, पण ते ९० दिवस लिहून देणार कोण? आपल्या घरी पंधरा दिवस काम केलेल्याला आपण पंधरा दिवसांचे पत्र द्यायला काय हरकत आहे? मंडळाने त्याचा एक छापील नमुना, तेलुगू आणि मराठी दोन्हींत, सभासदांना द्यावा, आणि नोंदणी अधिकाऱ्यांनी तो मान्य करावा असा आग्रह धरावा.

पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणारे येतीलच. ते नेहमीप्रमाणे मराठी शाळांबद्दल, गणेशोत्सवाच्या परवानग्यांबद्दल बोलतील. त्यांना चहा द्यावा, आणि रकान्याचे काय झाले ते विचारावे. तोवर वर सांगितलेला करार आणि मजुराच्या पत्राचा नमुना आपल्यातल्या वकील मंडळींकडून तपासून घेऊन याच पत्रकाच्या पुढच्या अंकासोबत सभासदांना पाठवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे देत आहोत. दसऱ्याच्या आत अंक निघाला तर बरे, कारण रंगारी त्याच सुमाराला शिड्या घेऊन येतात.